पाठ आणि एकांत : मराठी ख्रिस्ती प्रार्थनेचा पूर्वेतिहास

कोणत्या साली कोठे देऊळ उभे राहिले, कोणत्या गावात किती जणांचा बाप्तिस्मा झाला, मिशनच्या बंगल्यासाठी जमीन कोणत्या शर्तींवर मिळाली आणि कोणत्या पाद्र्याची बदली कोठे झाली, या गोष्टींचा तपशील मिशनांच्या दफ्तरांत आणि सरकारी कागदपत्रांत यथास्थित सापडतो. परंतु दार लावून एकटा बसलेला माणूस आपल्या देवाशी काय बोलला, याची नोंद ठेवणारा कारकून कोणत्याही अंमलात नेमला गेला नाही. ख्रिस्ताची शिकवणच अशी आहे की प्रार्थना करणाऱ्याने आतल्या खोलीत जावे, दार लावून घ्यावे आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याशी बोलावे. तेव्हा वैयक्तिक प्रार्थनेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला आडवाटेनेच जावे लागते. लोकांच्या तोंडी कोणते शब्द घातले गेले, कोणती गीते त्यांनी आपण होऊन म्हटली, आणि ज्या थोड्यांनी आत्मवृत्ते लिहिली त्यांनी त्या बंद खोलीचे दार किती किलकिले केले, एवढ्याच साधनांवर त्याला भागवावे लागते. या साधनांनिशी मराठी मुलखातील ख्रिस्ती समाजाची चार शतके न्याहाळली, म्हणजे आज सर्रास रूढ असलेला एक समज डळमळू लागतो. पाठ केलेली प्रार्थना ती बाहेरची आणि उत्स्फूर्त प्रार्थना ती अंतरीची, म्हणून प्रार्थनाजीवन सखोल करावयाचे तर पाठाचा त्याग करून स्वतःच्या शब्दांची कास धरावी, असा तो समज आहे. आपल्याकडील इतिहासाची साक्ष याहून अधिक गुंतागुंतीची, आणि माझ्या मते अधिक उद्बोधक आहे.

आरंभ अर्थातच पाठाने झाला. 1542 च्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला आणि हाती घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुले गोळा करू लागला, तेव्हा तो त्यांना शिकवीत होता ते प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, विश्वासांगीकार आणि दहा आज्ञा. तेही सुरावर, पुनःपुन्हा म्हणवून घेऊन. पुढे येशू संघाच्या पाद्र्यांनी साष्टी प्रांतात हाच शिरस्ता चालविला. ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या मंत्र, स्तोत्रे आणि ओव्या कानांनी ऐकून मुखोद्गत करीत आले होते, त्यांना ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नव्हते. परके होते ते त्या शब्दांमागील कथानक. ज्या देवाला पिता म्हणावयाचे त्याने पूर्वी काय केले, कोणाला हाक मारली, कोणासाठी काय सोसले, हे ठाऊक नसताना केवळ प्रार्थनेचे शब्द ओठांवर असणे म्हणजे ज्याचा परिचय नाही अशा मनुष्याला रोज पत्र लिहिण्यासारखे होते.

ही उणीव ज्याने ओळखली तो पुरुष विल्टशरमधला इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यात पोहोचला आणि 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, त्याच मातीत राहिला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ मराठी भाषेच्या इतिहासात ज्या स्थानाचा धनी आहे त्याची चर्चा पुष्कळांनी केली आहे. येथे प्रस्तुत आहे ती त्याच्या प्रास्ताविकातील एक लहानशी हकिकत. धर्मशिक्षणाच्या प्रसंगी साष्टीतील एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीगुरूंना विनवितो की आपण आम्हांस प्रश्नोत्तरी शिकविता ते ठीकच, परंतु आमची पूर्वीची पुराणे गेली तेव्हा त्यांच्या जागी वाचावयास, ऐकावयास, मन रमवावयास आमच्या भाषेत काही असावे. या विनंतीत एका समाजाची आंतरिक भूक बोलते आहे. नवा धर्म स्वीकारलेल्या या माणसांना आज्ञा आणि सिद्धांत मिळाले होते. संध्याकाळच्या फावल्या घटकेत ज्यात मन बुडवावे, ज्यातील प्रसंग डोळ्यांपुढे आणून हृदय आर्द्र व्हावे, असे काही मिळाले नव्हते. स्टीफन्सने ते ओवीत दिले, ज्ञानेश्वर-एकनाथांनी घडविलेल्या, बायकांच्या जात्यावर बसलेल्या छंदात दिले. त्याच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये त्याची कोकणी प्रश्नोत्तरीही रायतूरलाच छापली गेली, आणि अशा रीतीने प्रार्थनेचा पाठ आणि चिंतनाची कथा ही दोन्ही साधने लोकांच्या हाती आली.

हा प्रवाह पुढे खंडित झाला. 1684 साली व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर याच्या हुकुमाने स्थानिक भाषेच्या जागी तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज रूढ करण्याचा घाट घातला गेला, आणि 1736 च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने लग्नकार्यातील गाण्यांपासून जेवणाच्या चालीरीतींपर्यंत देशी आचारांवर बंदी आली. तरीही ‘ख्रिस्तपुराण’ निःशेष झाले नाही. पहिल्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नसली, तरी गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी त्याची हस्तलिखिते जतन केली, आणि त्यांच्याच आधारे जोसेफ सालढाणा यांना 1907 साली ते पुन्हा छापता आले. एखादा ग्रंथ अडीच-तीनशे वर्षे हाताने नकलून जपला जातो, तेव्हा त्याचे स्थान घरातील फडताळापुरते नसते. तो कोणाच्या तरी नित्याच्या आयुष्यात उतरलेला असतो.

उत्तरेस वसईच्या मुलखात अशीच कसोटी निराळ्या रूपाने आली. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज अंमल संपला, युरोपीय धर्मसंघांचे मठ ओस पडले, आणि मागे राहिलेल्या शेतकरी, कोळी ख्रिस्ती समाजाची धर्मव्यवस्था मोजक्या देशी धर्मगुरूंवर येऊन पडली. ज्या समाजाचा धर्म केवळ पाद्र्यांच्या संस्थेवर उभा असता तो अशा वेळी विरून गेला असता. वसईत तसे झाले नाही. आणि त्याच्या कारणांत संध्याकाळी घरातल्या मोठ्या माणसाने सगळ्यांना बसवून म्हटलेली रोझरी, वाडीतल्या क्रुसापुढे गायिलेले लदीन आणि आजीकडून नातवाकडे तोंडी गेलेल्या प्रार्थना यांची गणना अवश्य केली पाहिजे. माळेचा एकेक मणी सरकवीत तेच शब्द पन्नास वेळा म्हणणे यात अंतर्मुखतेला वाव कोठे, असा प्रश्न शिकलेल्या मनाला पडतो. परंतु वारकऱ्याच्या तुळशीमाळेशी ज्याचा परिचय आहे त्याला उत्तर देण्याची गरज नाही. शब्द ओठांच्या सवयीचे झाले की मन त्यांच्या ओझ्यातून मोकळे होते, आणि येशूच्या जन्माचा, दुःखाचा किंवा पुनरुत्थानाचा जो प्रसंग माळेतील त्या दहा मण्यांच्या दशकासाठी नेमलेला असेल त्यावर ते स्थिरावू शकते.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशने आली आणि प्रार्थनेची एक सर्वस्वी निराळी रीत मराठी माणसापुढे आली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री 1813 साली मुंबईत उतरले. 1831 मध्ये त्यांचे ठाणे अहमदनगरास बसले, आणि 1842 पासून तेथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन घराण्यांत वाढलेल्या या मंडळींची श्रद्धा अशी की प्रत्येक विश्वासणाऱ्याने शास्त्र स्वतः वाचावे, आपले पाप स्वतःच्या शब्दांत कबूल करावे, आणि रोज पहाटे देवासमोर एकट्याने उभे राहावे. संध्येचे मंत्र ठरलेले असलेल्या ब्राह्मणाला काय, की हरिपाठ मुखोद्गत असलेल्या कुणब्याला काय, भरसभेत डोळे मिटून, कोणताही पूर्वनियोजित मजकूर नसताना, देवाशी चारचौघांसारखे बोलणे ही गोष्ट अपूर्व होती. मनाची झडती स्वतः घेण्याची ही शिस्त मराठी गद्यालाही नवीन होती. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’त, 1888 साली प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मचरित्रात, एक तरुण आपल्या संशयांचा, भीतीचा आणि निश्चयाचा हिशेब ज्या सचोटीने मांडतो, तिच्यामागे या प्रार्थनापद्धतीचे वळण आहे असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु या रीतीचीही एक मर्यादा लवकरच उघड झाली. स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करा असे सांगितले, तरी नवख्याच्या जवळ ते शब्द असतात कोठून? मिशनऱ्यांची मराठी प्रार्थना ऐकूनच तो बोलावयास शिके, आणि ती मराठी बहुधा इंग्रजीच्या साच्यातून आलेली असे. गीतांची स्थिती याहून कठीण होती: विलायती चालींवर मराठी अक्षरे ताणून बसविलेली पदे मंदिरात गायिली जात खरी, परंतु शेतावरून परतणाऱ्याच्या ओठी ती आपसूक येत नसत. उत्स्फूर्ततेची हौस असूनही प्रार्थना पुन्हा पाठाचीच झाली होती, आणि तोही उसन्या पाठाची. अहमदनगरच्या खेड्यांतून जे लोक मिशनकडे आले, आणि 1876-77 च्या दुष्काळानंतर तर मोठ्या संख्येने आले, ते मुख्यतः महार आणि मांग समाजांतील होते. त्यांच्यापैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, पण भजनाची परंपरा होती, टाळ-मृदंगाचे अंग होते, आणि रात्र रात्र कीर्तन ऐकण्याची सवय होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या देशी कार्यकर्त्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

याच काळात पुण्याच्या पंचहौद मिशनच्या आवारात अँग्लिकन पंथाची तिसरी एक धारा वाहत होती. तेथे ठरलेल्या घटकांना म्हटलेल्या उपासना, मौन आणि वैराग्य यांना मान होता, आणि त्या परिसरात वावरणारे फादर नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वाश्रमीचे काशीचे नीळकंठशास्त्री, यांचे जीवन म्हणजे संशय आणि प्रार्थना एकत्र कशी नांदतात याचा एक ठळक दाखला होता. षड्दर्शनांचे खंडन लिहिणारा हा पंडित 1848 साली ख्रिस्ती झाला. पण त्याची चिकित्सक बुद्धी त्याला 1895 मध्ये देह ठेवीपर्यंत स्वस्थ बसू देईना. श्रद्धेच्या मूलभूत गोष्टींविषयी शंकांनी त्याला वारंवार घेरले, आणि तरीही त्याने उपासनेचा नेम सोडला नाही. ज्याचे मन प्रत्येक वाक्याला आक्षेप घेते, त्याला रोज नवे वाक्य रचून प्रार्थना करण्यास सांगणे म्हणजे त्याच्या पीडेत भर घालणे होय. त्याला आधार हवा असतो तो त्याच्याहून वडील असलेल्या, अनेकांनी उच्चारून गुळगुळीत झालेल्या शब्दांचा.

गोऱ्यांच्या लेखनाचा ज्यांच्या निर्णयावर परिणाम झाला, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र या संपूर्ण प्रश्नाचा जणू कस पाहते. त्यांचे बालपण पाठात गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई तीर्थोतीर्थी हिंडून पुराणे सांगत, आणि रमाबाईही हजारो श्लोक मुखोद्गत करून देवळांच्या ओवरीत बसून ते वाचीत. श्रोत्यांना संस्कृत कळत नसे. ऐकण्यानेच पुण्य लागते अशी त्यांची समजूत असे. 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात आईबाप आणि वडील बहीण एकामागून एक गेली, आणि उपासतापास, व्रते व अनुष्ठाने निष्फळ ठरल्याची जखम त्यांच्या मनात राहिली. अर्थाशिवायचा पाठ माणसाला कोठे नेऊन सोडतो, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळले असेल असे वाटत नाही. 1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की पुढे आठएक वर्षांनी, हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त वाचताना, त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला आहे, ख्रिस्त अद्याप सापडलेला नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या, शास्त्र जाणणाऱ्या, शारदा सदनासारखी संस्था चालविणाऱ्या स्त्रीने हे कबूल करावे, यात तिच्या सचोटीची साक्ष आहेच. शिवाय विधी, विद्या आणि सत्कार्य या तिन्हींची पूर्तता होऊनही प्रार्थनेचा गाभा रिता राहू शकतो, याचाही तो स्पष्ट निर्वाळा आहे.

त्यानंतरचा केडगावचा इतिहास हा या जाणिवेचा विस्तार आहे. दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली व विधवा रमाबाईंनी तेथे उभारलेल्या मुक्तिसदनात आल्या. त्यांच्या अन्नाची, विहिरींची, शेतीची आणि छापखान्याची तजवीज करता करता रमाबाई प्रार्थनेची व्यवस्थाही लावीत होत्या. 1905 च्या जानेवारीत त्यांनी रोज एकत्र जमून पवित्र आत्म्याच्या वर्षावासाठी प्रार्थना करण्यास स्वेच्छेने कोण तयार आहे असे विचारले, तेव्हा सुमारे 70 जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्यांची संख्या 550 वर गेली आणि त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या. त्या महिन्याच्या अखेरीस जे संजीवन झाले, ज्यात शेकडो कंठ एकाच वेळी मोठ्याने रडत, पाप कबूल करीत, स्तुती करीत प्रार्थना करीत होते, त्याची वार्ता देशोदेशी गेली आणि त्या गोंगाटाविषयी टीकाही झाली. टीकाकारांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली. ज्या मुलींना लहानपणापासून आपला आवाज उंचावण्याची मुभा कोणीही दिली नव्हती, विधवेचे तोंड ज्या घरांत अशुभ मानले जाई त्या घरांतून ज्या आल्या होत्या, त्यांच्यापैकी प्रत्येकीने त्या सभेत स्वतःच्या शब्दांत देवाला हाक मारली. आणि ती मारण्याचे धैर्य तिला शेजारणीच्या हाकेने दिले. सहा महिन्यांचा रोजचा नेम आधी झाला होता, उद्रेक मागाहून आला, हा क्रमही विसरून चालणार नाही.

आयुष्याची उरलेली वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. 1922 च्या एप्रिलात त्यांचा अंत झाला आणि ग्रंथ 1924 मध्ये, मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून, तेथील स्त्रियांच्या हातून बाहेर पडला. साध्या बाईला समजेल असे मराठी असावे हा त्यांचा हट्ट होता. न समजणाऱ्या श्रोत्यांपुढे पुराण वाचलेल्या मुलीने वृद्धपणी धरलेला हा हट्ट तिच्या सबंध आयुष्याचे उत्तर होता: पाठ असावा, पण तो म्हणणाऱ्याच्या समजुतीत उतरलेला असावा.

मराठी प्रार्थनेला असा पाठ ज्याने पद्यात दिला तो नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी 1861 साली जन्मलेल्या या चित्पावन कवीला नागपूर–राजनांदगाव आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनाने त्याच्या मनाची पकड घेतली, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस त्याचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक सांगत, आणि हे बोलणे अलंकारापुरते नव्हते. तुकारामाने देवाशी भांडावे, रुसावे, त्याला माउली म्हणून बिलगावे, आपल्या कोरडेपणाची तक्रार त्याच्याचकडे करावी, हा जो निःसंकोच संवाद अभंगाच्या छंदाने साधला होता, तो टिळकांनी जसाच्या तसा ख्रिस्ताच्या पायी नेला. त्यांच्या गीतांत ख्रिस्त गुरू आहे, माता आहे, सखा आहे. ज्या मंडळीने अर्धशतक विलायती चालींवर कसनुसे होऊन गायिले होते, तिला अकस्मात आपल्याच घरच्या स्वरात रडता-हसता येऊ लागले.

टिळकांचे स्वतःचे प्रार्थनाजीवन मात्र त्यांच्या काव्यापाशी थांबले नाही. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरविले, आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एका पंगतीस बसविण्याचा प्रयोग आरंभिला. 1919 च्या मे महिन्यात ते वारले आणि प्रयोग अपुरा राहिला. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरे राहिले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी हाती घेऊन पूर्ण केले. ज्या स्त्रीने पतीच्या धर्मांतराने झालेला विरह सोसला, जातिभेद मनुष्यकृत आहे हे स्वतःच्या विचाराने ओळखले आणि 1900 साली स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला, तिने त्याच पतीचे अर्धवट राहिलेले ख्रिस्तचरित्र पुढे गावे, यात श्रद्धेचा वारसा कसा मिळतो हे दिसते. तो आपसूक मिळत नाही. तो स्वतः कमवावा लागतो, मगच पुढे चालविता येतो.

टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्यांपैकी एक, जॅक विन्स्लो, यांनी 1922 साली ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली, आणि काही वर्षांत पुण्यास त्याचा आश्रम उभा राहिला. तेथे इंग्रज आणि हिंदी बंधू जमिनीवर बसून एकत्र जेवत, खादी वापरीत, नेमून दिलेल्या वेळी उपासना आणि ध्यान करीत, म्हणजे पाठ आणि एकांत ही दोन्ही तेथे एकाच दिनक्रमात नांदत. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले व्हेरिअर एल्विन 1927 मध्ये प्रथम आले ते याच मंडळीत. 1934 मध्ये संघाचे दोन भाग झाले आणि कालांतराने आश्रम निष्प्रभ झाला. 1972 मध्ये तो ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम या नावाने पुन्हा सुरू झाला तो धर्मभगिनींच्या पुढाकाराने, आणि त्यांत रमाबाईंना जेथे बाप्तिस्मा मिळाला त्या वाँटेजच्या संघाच्या भगिनीही होत्या.

चार शतकांचा हा आढावा घेतल्यावर, आपली प्रार्थना उथळ झाली आहे अशी खंत वाटणाऱ्या आजच्या ख्रिस्ती माणसाला इतिहास काय सांगतो? पाठ हा एकांताचा शत्रू आहे असे तो सांगत नाही. साष्टीच्या ब्राह्मणाने पुराण मागितले, वसईच्या आजीने माळ ओढली, गोऱ्यांनी संशयाच्या घेऱ्यात नेमाचे शब्द धरून ठेवले, आणि या साऱ्यांचा एकांत त्यामुळे रिता झाला नाही. त्याच वेळी, न समजलेला, न कमावलेला पाठ माणसाला वाचवीत नाही, हेही रमाबाईंच्या मुखाने तो तितक्याच कठोरपणे बजावतो. खोल प्रार्थनेची वाट बहुधा अशी दिसते की माणूस प्रथम दुसऱ्यांचे शब्द घेतो, ते आपल्या भाषेत, आपल्या छंदात, आपल्या दुःखाच्या प्रसंगी पुनःपुन्हा म्हणून पाहतो, आणि त्यांतले जे टिकते त्याच्या आधाराने एके दिवशी स्वतःचे बोलू लागतो. टिळकांनी तुकारामाकडून घेतले होते. आज ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडून रविवारी गाणारी मंडळी टिळकांकडून घेते. त्यांनी दार लावून जे म्हटले ते आता शेकडो अनोळखी माणसांचा पाठ झाले आहे, आणि त्यांपैकी कोणाचा तरी एकांत त्याच शब्दांनी सुरू होत असेल. म्हणून प्रार्थनेत खोल जाऊ पाहणाऱ्याने आपल्या पूर्वसूरींचे ऋण घेण्यास संकोच करू नये. ते फेडण्याची रीत मात्र एकच आहे, आणि ती म्हणजे त्यांचे शब्द खरे करून दाखवील असे आयुष्य जगणे.